स्वच्छ वाळू, उपाशी मासा

दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी ठेवण्याची हौस आपल्या काही घरांतही शिरली आहे. आत खडक, प्रवाळ, निळा दिवा आणि रंगीबेरंगी मासे. पाहुणे येतात, कौतुक करतात. हौस वाईट नाही. पण या पेटीत हमखास सोडल्या जाणाऱ्या एका माशाविषयी आम्हांला चार शब्द सांगावयाचे आहेत, कारण त्या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत.

हा मासा म्हणजे वाळू चाळणारा गोबी. नाव ऐकून भाजी आठवेल, पण प्राणी मोठा देखणा. याची एक जात पिवळ्या डोक्याची, गालावर निळी रेघ असलेली. दुसरी पांढरट अंगावर नारिंगी ठिपक्यांची. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत या माशांचा वावर आहे. समुद्रात ते बहुधा जोडीने राहतात आणि वाळूत बीळ करतात. गोबी तोंडभर वाळू घेतो, त्यातले बारीक किडे, कृमी आणि सूक्ष्म कवचधारी जीव गाळून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो. घरची बाई पीठ चाळते, अगदी तसे.

दुकानदाराने आम्हांला सांगितले, "हा घ्या, वाळू आपोआप स्वच्छ राहील." मुलांनी हट्ट धरला, आम्ही घेतला. आठ दिवसांत वाळू दुधासारखी पांढरी झाली. आम्ही खूष. मासा दिवसभर तोंड हलवीत असे. आम्हांला वाटले, पोटभर खातो आहे. तीन महिन्यांनी पाहतो तो त्याचे पोट खपाटीला गेलेले, पाठ धारदार झालेली. मग घाईने कोळंबी घातली, पण उशीर झाला होता. धाकटीने विचारले, "बाबा, तो रोज जेवत होता ना?" आम्ही काय उत्तर देणार?

उत्तर साधे होते. वाळू हे त्याचे अन्न नव्हे, वाळू हे त्याचे ताट. समुद्रात ताट रिकामे झाले की तो पुढच्या वाळूकडे जातो. काचपेटीत पुढची वाळू नाही. आम्ही जिला स्वच्छता म्हणत होतो, ते रिकामे ताट होते.

कोणी म्हणतील, मुलांना निसर्गाची ओळख नको का? जरूर हवी. पण पाळायचाच असेल तर नोकर म्हणून आणू नका, पाहुणा म्हणून आणा. पेटी निदान दोनशे लिटरची असावी, चारशेची असेल तर उत्तम. ती चालू होऊन वर्षभर तरी झालेले असावे, म्हणजे वाळूत जीव वसतात. वाळू बारीक, पाच सेंटिमीटर तरी खोल असावी. खडक वाळूवर नव्हे, पेटीच्या तळावर टेकवावेत. नाहीतर खालची वाळू उकरली गेली की खडक त्याच्याच अंगावर कोसळतो. वर जाळी हवी, कारण हा मासा उडी मारतो. आणि दिवसातून दोनतीनदा बारीक कोळंबीसारखे खाद्य तळाशी पोचवावे. विकत घेण्यापूर्वी दुकानातच त्याला खाऊ घालून दाखवावयास सांगावे. खात नसेल तर आणू नये. एवढे जमणार नसेल तर मोह आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्यासाठी तर हे काखेत कळसा आणि गावाला वळसा असे झाले आहे. मॉरिशसला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाचे कडे आहे. दरवर्षी गणपती विसर्जनाला आपण लगूनच्या पाण्यात उभे राहतो, पण पायांखालच्या वाळूत काय जगते हे मुलांना कधी दाखवतो का? आपला ओळखीचा रूजे मासा हनुवटीच्या मिशांनी तीच वाळू उकरून पोट भरतो. पूर्वी या लगूनमधून बांधकामासाठी वाळू काढीत. 2001 साली ते बंद झाले. वाळू म्हणजे नुसता चुरा नव्हे, हे त्यामागचे शहाणपण.

म्हणून पुढच्या रविवारी मुलांना ब्लू बेला न्या. काचेच्या तळाच्या होडीत बसवा आणि खाली पाहावयास सांगा. तेथे माशांना कोणी खाऊ घालावे लागत नाही. आमची काचपेटी अजून घरात आहे. तीत गोबी नाही, आणि वाळू थोडी मळकट आहे. आता आम्हांला ती तशीच बरी वाटते.