शेवाळाखालची माळ

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ परवा पुन्हा पाहिला. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी १९२९ ची, चित्रपट १९५५ चा. हरिहर बऱ्याच दिवसांनी गावी येतो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो आणि मुलीसाठी, दुर्गासाठी घेतलेली साडी बायकोच्या, सर्वजयेच्या हातात देतो. लेक गेल्याचं त्याला ठाऊकच नाही. सर्वजया साडी दातांत घट्ट धरते आणि हंबरडा फोडते. पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, ऐकू येते ती रविशंकरांच्या पार्श्वसंगीतातली तारशहनाई. रडण्याचा एवढा खरा आवाज मी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात ऐकलेला नाही. तरी माझा जीव अडकतो तो पुढे, दुर्गाच्या धाकट्या भावापाशी, अपूपाशी. घर सोडताना सामान आवरत असताना त्याला फळीवरच्या करवंटीत माळ सापडते. दुर्गावर जिच्या चोरीचा आळ आला होता, तीच. तो धावत जाऊन ती तळ्यात फेकतो. शेवाळ बाजूला होतं, काळं पाणी दिसतं, आणि बघता बघता शेवाळ पुन्हा मिटतं. बहिणीची लाज त्या पोरानं एकट्यानं झाकली. माझी ताई सुखरूप आहे, तिच्या घरी आहे. तरी दर वेळी इथं आलं की आधी तिला फोन लावते.