काम थांबवणाऱ्याच्या पाठीशी

कारखान्यात अपघात झाला की आपल्या मोहल्ल्यात दोन वाक्ये ठरलेली असतात: ‘नशिबात होते’ आणि ‘अल्लाहची मर्जी’. दुःखात ती धीर देतात, हे मान्य. पण त्यांच्या आडून निष्काळजीपणा सुटून जातो. उंट आधी बांधा, मग भरवसा ठेवा, ही शिकवणही आपलीच आहे.

भोपाळ आठवा. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडमध्ये देखभालीसाठी पाइप पाण्याने धुतले जात होते. पाणी पुढे जाऊ नये म्हणून पाइपात घालायची ब्लाइंड प्लेट घातलेली नव्हती. सोडलेले पाणी नीट बाहेर येत नाही, हे धुणाऱ्या कामगाराच्या लक्षात आले. त्याने पाणी बंद करून वरिष्ठांना सांगितले. पाणी पुन्हा सुरू कर, असे उत्तर मिळाल्याचे त्याने नंतर पत्रकारांना सांगितले. टाकीत पाणी कोणत्या वाटेने शिरले, यावर कंपनीने वाद घातला. पण टाकीतले मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता, यावर वाद नाही. हजारो माणसे मेली.

त्या कामगाराने थांबून योग्यच केले. त्याच्या थांबण्याला तिथे किंमत नव्हती.

या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात 41-एच हे कलम आले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला तातडीचा धोका वाटला, तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही असा हक्क आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गडबड दिसली की आम्ही रिलीज थांबवतो आणि कोणाचा पगार कापला जात नाही. शटडाऊनच्या कामावर ठेकेदारामार्फत गेलेल्या फिटरची मात्र हजेरी बुडते, उद्याचे बोलावणेही जाते. म्हणून हक्क कागदावरच राहतो.

तरुण मित्रांनो, परमिटवर लिहिलेले आणि पाइप उघडल्यावर दिसलेले जुळत नसेल, गळती, अडकलेला दाब किंवा अनोळखी वास असेल, तर काम थांबवा. सोबत्यांना बाजूला करा, लेखी कळवा आणि नवे परमिट मिळेपर्यंत हात लावू नका.

हे एकट्याला झेपणारे नाही. आपल्यातल्या शिकलेल्यांनी त्याचा अर्ज लिहून द्यावा, युनियनकडे आणि निरीक्षकाकडे त्याच्यासोबत जावे. जनाज्याला सगळा मोहल्ला जमतो. हजेरी बुडाली तेव्हाही जमायला हवा.