भीतीचं सोंग आणि खरा धसका

आजचा विषय आरोग्याच्या ब्लॉगवर थोडा वेगळा वाटेल. तुमच्या घरातली कॉलेजला जाणारी मुलं सुट्टीत टेबलाभोवती बसून, फासे टाकत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखा खेळ खेळत असतील. १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ. प्रत्येकाने एका पात्राचं सोंग घ्यायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. या खेळांत एक पात्र फार लोकप्रिय आहे: काहीतरी भयंकर पाहून वाचलेला माणूस. राक्षसाने गाव गिळलं, हा एकटा उरला, तेव्हापासून हा ‘वेडा’.

माझं म्हणणं थोडक्यात असं: असं पात्र जरूर करा, पण त्याला वेडा करू नका. हा माझा विषय का? धसका बसलेला माणूस म्हणजे वेडा, हे चित्र डोक्यात बसलं की खऱ्या आयुष्यातला तसा माणूस त्रास लपवतो. घरचे आधी देवऋषाकडे नेतात आणि डॉक्टरकडे यायला कित्येक महिने जातात.

धसका म्हणजे नेमकं काय?

मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. दचकणं क्षणाचं, हबकणं थोड्या वेळाचं, पण धसका ‘बसतो’, म्हणजे मुक्कामाला येतो. वैद्यकशास्त्र यालाच आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी म्हणतं. १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत या नावाने त्याची नोंद झाली.

त्याची मुख्य लक्षणं तीन प्रकारची. पहिलं, घडलेली गोष्ट आठवत नाही, तर पुन्हा घडते. स्वप्नात किंवा जागेपणी, एखाद्या वासाने किंवा आवाजाने. दुसरं, त्या गोष्टीची आठवण करून देणारी जागा, माणसं, बोलणं टाळलं जातं. तिसरं, शरीर सतत पहाऱ्यावर असतं: झोप उडते, पटकन दचकायला होतं, नजर दाराकडे राहते. हे काही आठवडे टिकलं आणि घर, काम, झोप बिघडली, तर त्याला आजार म्हणायचं. यात कुठेही अंगावर धावून जाणं किंवा भिंतीकडे बघून खदाखदा हसणं हे मुख्य लक्षण नाही.

खेळांनी काय केलं?

१९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयखेळात प्रत्येक पात्राला शहाणपणाचे गुण असतात. भयंकर काही दिसलं की ते कमी होतात आणि शून्यावर आले की पात्र कायमचं वेडं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात तर फासा टाकून वेडाचा प्रकार ठरवायचे तक्ते होते. म्हणजे वेड लॉटरीत निघणार! मला हे डॉक्टर म्हणून चुकीचं वाटतं आणि गोष्ट म्हणूनही कच्चं वाटतं. कुणाला कशाचा धसका बसतो, याचा त्याच्यावर काय गुदरलं याच्याशी संबंध असतो. २०२१ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’च्या पुस्तकात ही पद्धत सोडून भीती आणि ताण असे नियम आले आणि पात्राला कशाची भीती वाटते हे खेळाडूनेच ठरवायचं, असं सुचवलं गेलं. हे योग्य झालं.

मग पात्र कसं घडवाल?

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याखाली जुनी गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. भयकथेला याहून चांगली जागा कुठली? समजा तुमचं पात्र आहे सगुणा, एक नावाडीण. पाण्याखालच्या देवळातल्या कशाने तरी तिची नाव उलटवली आणि ती एकटी वाचली.

आता तिला किंचाळायला लावू नका. पाच गोष्टी ठरवा.

१. चाळवणारी गोष्ट: एकच, आणि नेमकी. अंधार नको, ओल्या दोरखंडाचा वास चालेल.

२. टाळणं: वारा सुटला की ती नाव काढत नाही, पण कारण सांगत नाही. ‘आज जाळं शिवायचंय’ म्हणते.

३. पहारा: नावेत बसणाऱ्यांची डोकी ती तीनदा मोजते.

४. बोच: ‘मीच का वाचले?’ हा प्रश्न भीतीपेक्षा जास्त छळतो.

५. शाबूत असलेलं: पाणी तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. ती थट्टा करते, भाकरी उत्तम करते, भाच्यावर जीव टाकते.

पाचवी गोष्ट विसरू नका. धसका हा माणसाचा एक भाग असतो, अख्खा माणूस नव्हे.

टेबलावर कोण बसलंय?

आता गंभीर मुद्दा. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा जणांचा जीव गेला, एक जण पोहून काठाला लागला. बारामती-इंदापूरच्या टेबलावर बसलेल्या एखाद्याचा सोयरा त्या काठावरचा असू शकतो. तुमच्यासाठी नाव उलटणं हा गोष्टीतला प्रसंग आहे, त्याच्यासाठी ती वस्तुस्थिती आहे. अपघात, आत्महत्या, जळणं, मूल दगावणं, या सगळ्याला हेच लागू.

म्हणून खेळाआधी दहा मिनिटं बोला. कुठला विषय अजिबात नको, कुठला फक्त ओझरता चालेल, हे प्रत्येकाला विचारा. टेबलावर एक कोरी चिठ्ठी ठेवा. कुणीही तिच्यावर बोट ठेवलं की प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही. ही पद्धत जगभरचे खेळाडू वापरतात. त्याने खेळाची मजा जाते, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पट्टा लावल्याने गाडीचा वेग कमी होत नाही.

आणि कुण्या खऱ्या घराचं दुःख उचलून आपल्या पात्राला चिकटवू नका.

पात्राला बरं होऊ द्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, आघातातून गेलेल्या लोकांपैकी साधारण ५.६ टक्के जणांनाच हा आजार होतो. ज्यांना होतो त्यांच्यातलेही ४० टक्क्यांपर्यंत वर्षभरात बरे होतात. आघातावर काम करणारी समुपदेशनाची उपचारपद्धती आणि गरज पडल्यास औषधं, दोन्ही उपयोगी पडतात. मग खेळातली जखम कायमची का? दहाव्या बैठकीला सगुणा वाऱ्यात नाव काढू दे. डोकी मोजेल, हात थरथरतील, पण पैलतीर गाठेल. राक्षस मारण्याइतकाच तोही पराक्रम आहे.

आणि खेळता खेळता कुणाच्या लक्षात आलं की ही पाच कलमं पात्राची नसून आपलीच आहेत, तर लाजू नका. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. पालकांनो, मुलं हा खेळ खेळत असतील तर रागावू नका. त्यांना एवढंच विचारा, ‘तुझ्या पात्राला कशाची भीती वाटते रे?’ कधीकधी मुलं पात्राच्या तोंडून स्वतःबद्दल सांगतात.