ग्राफिक कार्डाचे वॅट खोक्यावर छापायला लावा

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली



सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. परीक्षा संपल्या की माझ्याकडे एकाच तक्रारीची मशीनं यायला लागतात : "काका, गेम अडकतोय." बहुतेकदा मशीन नवंकोरं असतं, वॉरंटीतलं. पोराबरोबर वडील येतात, पाकिटात बिलाची घडी असते, आणि त्यांचा राग माझ्यावर नसतोच, विकणाऱ्यावर असतो. सगळे गेम पळतील म्हणून सांगितलं, लाखाच्या घरात पैसे घेतले, मग हे काय? यातली बरीच मशीनं मी तासा-दोन तासांत मार्गी लावतो. जी लागत नाहीत त्यांच्यासाठी हे पत्र आहे, कारण त्यांचा इलाज माझ्या टेबलावर नाही, आपल्या टेबलावर आहे.

आधी दुखणं सांगतो, म्हणजे मागणी हवेतली वाटणार नाही. गेममधली हालचाल म्हणजे भराभर रंगवलेली एकामागून एक चित्रं. सेकंदाला ६० हवी असतील तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं. १४४ हवी असतील तर ६.९ मध्ये. वेळ चुकली की झटका बसतो. पडद्याच्या कोपऱ्यात सरासरी सत्तर दिसत असते, तरी पोरगा म्हणतो अडकतंय, आणि तो खरंच सांगत असतो. मधलंच एखादं चित्र शंभर मिलिसेकंद खाऊन गेलेलं असतं, सरासरीत ते दिसत नाही.

म्हणून मी लगेच मशीन उघडत नाही. पोराला खेळायला बसवतो आणि मागे उभा राहतो. गेममधला आपला कॅमेरा सरसर फिरतोय, पण समोरचा गडी इथून तिथे उड्या मारतोय, तर दोष इंटरनेटचा. व्हॅलोरंट या गेमचे सर्व्हर २०२० पासून मुंबईत आहेत, पण घरातलं वायफाय दोन भिंतींपलीकडे असेल तर मुंबईचा काय उपयोग? त्यांना मी केबलवाल्याकडे धाडतो. कॅमेराच अडखळत असेल तर मात्र गिऱ्हाईक माझं.

डेस्कटॉप असेल तर पहिल्यांदा त्याची पाठ बघायची. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात खुपसलेली आणि खाली तीस-चाळीस हजारांचं कार्ड मोकळं बसलेलं, हे इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. केबल कार्डाला लावली की काम झालं. मग विंडोजमधलं डिस्प्लेचं पान उघडायचं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो ६० वर चालवणारे पुष्कळ. मग बायोस. रॅमच्या पाकिटावर ३२०० छापलेलं असतं, पण एक्सएमपी चालू केलं नाही तर तीच रॅम बऱ्याचदा २१३३ वर रांगत असते. मशीन जोडणाऱ्यानं ही एक सेटिंग केलेली नसते. दिवे मात्र सगळे लावलेले असतात, पंख्यांना, रॅमला, कॅबिनेटच्या काचेमागे.

लॅपटॉपच्या तऱ्हा वेगळ्या. सोबत आलेला जड अडॅप्टर घरी ठेवून हॉस्टेलवर सी-टाइपच्या छोट्या चार्जरवर खेळणारे आहेत. बॅटरीवर तर ग्राफिक कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही, आणि कार्डाच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असलं की गेम बऱ्याचदा तीसवर बांधला जातो. कुणी गादीवर ठेवून खेळतं, मग खालच्या जाळीत कापूस बसतो. जुन्या मशीनमध्ये चिपेवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपा शंभर अंशांपाशी पोचल्या की आपला वेग आपणच कमी करतात. तो बिघाड नाही, चिप जळू नये म्हणून केलेली सोय आहे. ब्लोअर मारून पेस्ट बदलली की फरक पडतो.

एवढ्यानंही भागलं नाही तर एक सोपी परीक्षा आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) झपकन वाढले तर कार्डावर ओझं जास्त होतं. तसूभरही हलले नाहीत तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर किंवा रॅम त्याला काम पुरवत नाही. विंडोज ११ मधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय बंद केली तर गेम थोडे सुधारू शकतात, हे मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं होतं. मी ते कुणाला सुचवत नाही. बापाचं नेटबँकिंग त्याच मशीनवर असतं. आणि "काका, फॉरमॅट मारून द्या" या हट्टाला मी एकच उत्तर देतो : फॉरमॅट मारून कार्डाची वीज वाढत नाही.

आता विजेवरच येतो. मागच्या उन्हाळ्यात दोन मावसभाऊ दोन लॅपटॉप घेऊन आले. कंपन्या वेगळ्या, पण दोघांच्या मनगटाखाली स्टिकर एकच, आरटीएक्स ४०६०. प्रोसेसर जवळपास सारखे, दोन्ही चार्जरवर, दोन्ही थंड. एकाचा गेम सुसाट आणि दुसऱ्याचा रडतखडत. मी दोन्हीवर जीपीयू-झेड उघडलं. त्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचा वेग कशामुळे अडलाय ते सांगणारी एक ओळ असते. उष्णता असेल तर तसं दिसतं, वीज कमी पडत असेल तर तसं. धाकट्याच्या मशीनवर त्या ओळीत सारखं विजेचंच कारण, आणि वरच्या ओळीत वॅटचा काटा ४५ पाशी येऊन थांबलेला. थोरल्याचा शंभरच्या पुढे. धाकट्याचं मशीन बारीक, वजनाला हलकं, दिसायला देखणं; त्यात एवढी उष्णता बाहेर टाकायला जागाच नाही, म्हणून बनवणाऱ्यानं कार्डाची वीज मुळातच कमी बांधलेली. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. सर्व्हिस सेंटरनं आधीच "मशीन ओके" असा शेरा मारून परत दिलं होतं, आणि तो शेरा खोटा म्हणता येणार नाही.

साहेब, हा प्रकार चोरून चाललेला नाही. एनव्हिडियाच्याच तक्त्यात लॅपटॉपच्या ४०६० ला ३५ ते ११५ वॅट असा पल्ला दिलेला आहे आणि वेग १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ. टोकाला टोक मोजलं तर विजेत तिपटीहून जास्त फरक, आणि नाव एकच. २०२१ मध्ये त्याच कंपनीनं लॅपटॉप बनवणाऱ्यांना हे आकडे आपल्या उत्पादनाच्या पानावर द्यायला सांगितलं. काहीजण देतातही, बारीक टायपात, खाली कुठेतरी. पण सांगलीचा माणूस लॅपटॉप घेतो तो काउंटरवर खोका बघून किंवा ऑनलाइन सेलमधली एक ओळ वाचून. तिथे वॅट नसतात.

नावाचा हा खेळ जुना आहे. जीटी १०३० नावाचं स्वस्तातलं कार्ड आपल्याकडे खूप खपलं. २०१७ ला आलं तेव्हा त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. २०१८ मध्ये त्याच नावानं दुसरं आलं, डीडीआर४ मेमरीचं, वेग १६.८. गिऱ्हाईक मागायचं "दहा-तीस" आणि मिळेल ते घेऊन जायचं. वरच्या दर्जातही तेच. ४०९० हे नाव डेस्कटॉपवर १६,३८४ कोअरचं आहे आणि लॅपटॉपवर ९,७२८ चं. लॅपटॉपमधली चिप मुळात डेस्कटॉपच्या ४०८० ची. अमेरिकेत जीटीएक्स ९७० च्या मेमरीवरून ग्राहक कोर्टात गेले. चार जीबीतली शेवटची अर्धी जीबी मंद होती आणि ते आधी सांगितलं नव्हतं. २०१६ मध्ये एनव्हिडियानं तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर द्यायचं कबूल करून ते प्रकरण मिटवलं.

रॅमचंही तसंच. "१६ जीबी" एवढंच छापतात. ती एका स्टिकची की दोन, हे नाही. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन असतील तर ५१.२. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक दोघंही त्याच रॅमवर जगतात, म्हणून तिथे दुसरी स्टिक घातली की गेम डोळ्यांदेखत सुधारतो. माझ्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा इलाज तो आहे. काही मशीनांत तेही जमत नाही, रॅम बोर्डावर झाळलेली असते. हे कळतं केव्हा? मागचं झाकण उघडल्यावर.

आपल्या कायद्यात याला जागा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हटला आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात त्याच कायद्यात दिशाभूल करणारी ठरते, आणि तिच्यावर कारवाई करायला २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आपलेच. त्यांच्यामुळे खोक्यावर एमआरपी येते, बनवल्याचा महिना येतो, तक्रारीचा पत्ता येतो. लॅपटॉपच्या पाठीवर आयएस क्रमांक आणि नोंदणी क्रमांकही असतो, पण ती खूण शॉक लागू नये, आग लागू नये यासाठी. क्षमतेबद्दल ती काही सांगत नाही. थोडक्यात, "लॅपटॉप, नग १" एवढं लिहिलं की नियमाचं समाधान होतं. चहाच्या पुड्यावर वजन न घालता नुसतं "पुडा १" छापलं तर आपले निरीक्षक दुकानदाराला सोडतील का?

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून बघा, असा सल्ला मीही लोकांना देतो. पण तक्रार काय लिहायची? वस्तू सदोष नाही, बिलाप्रमाणे आहे. ऑनलाइन घेतलेला लॅपटॉप बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, बदलून देतात, आणि बदलून तेच मॉडेल येतं.

मागणी लहान आहे. ग्राफिक कार्ड असलेल्या प्रत्येक लॅपटॉपच्या खोक्यावर, आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर किमतीच्या लगत, कार्डाचे जास्तीत जास्त वॅट छापायला लावा. रॅम किती स्टिकची आहे आणि दुसरीला जागा आहे का, तेही. स्क्रीन किती हर्ट्झची, हे बहुतेकजण आपणहून सांगतात, कारण तो आकडा मोठा असतो. डेस्कटॉपच्या कार्डावर मेमरीचा प्रकार आणि वेग पुढच्या बाजूला यावा. जागा नाही अशी सबब चालणार नाही; इलेक्ट्रॉनिक वस्तूंची काही माहिती क्यूआर कोडमधून देण्याची मुभा आपणच २०२२ मध्ये दिलीत. वॅट मात्र कोडमागे लपवू देऊ नका, ते उघड्या डोळ्यांनी दिसले पाहिजेत.

ग्राहकाला हे आकडे कळणार नाहीत, असं कंपन्या म्हणतील. फ्रिजवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापायला लागले, तेव्हाही ते सगळ्यांना कळत नव्हतं. आज माझी आई दोन फ्रिजांचे आकडे शेजारी ठेवून भाव करते. बारीक लॅपटॉप घेऊच नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. ज्याला तो रोज पाठीवर घेऊन कॉलेजला जायचंय त्यानं ४५ वॅटचाच घ्यावा, आणि बॅटरी टिकते म्हणून खूश राहावं. फक्त तो ४५ चा आहे हे कळून घ्यावा, आणि ११५ च्या भावानं घेऊ नये.

तोवर दिवाळीत खरेदीला निघालेल्या वाचकांना माझं सांगणं एवढंच की "हा किती वॅटचा?" असं काउंटरवर विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर दुकान बदला.

आपणाला विनंती आहे की नियमदुरुस्तीचा मसुदा काढावा आणि हरकती-सूचना मागवाव्यात. मराठीतून पाठवलेली सूचना चालणार असेल तर सांगलीहून माझी येईलच.

आपला,
सांगलीचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला