हातची जागा सोडून पुन्हा ‘नीट’? वैद्यकीय प्रवेशाचा एक कठीण निर्णय

‘नीट’ परीक्षेचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. जागा मिळाली आहे, पण हवी ती मिळालेली नाही. ती स्वीकारावी, की नाकारून पुढील वर्षी पुन्हा परीक्षेला बसावे? बुलढाणा-मलकापूर मार्गावरील मोताळा तालुक्यासारख्या भागात, जेथे कापूस आणि सोयाबीनच्या उत्पन्नावर घराचे वर्षभराचे गणित अवलंबून असते, तेथे हा प्रश्न अधिकच जड होतो. शहरातील कुटुंबाला एक वर्ष म्हणजे एक वर्षच असते. येथे मात्र त्या वर्षाबरोबर शिकवणीचे शुल्क, लातूर, नांदेड वा अकोल्यातील खोलीचे भाडे आणि धाकट्या भावंडांचे शिक्षणही पणाला लागते. म्हणूनच हा निर्णय भावनेच्या भरात न घेता वस्तुस्थिती तपासून घेणे अगत्याचे आहे.

बुलढाणा जिल्ह्यात एक नवी आशा निर्माण झाली आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात एकूण ९०० जागा होत्या आणि बुलढाण्याच्या महाविद्यालयाचा त्यात समावेश होता. साहजिकच ‘यंदा दूर कशाला जायचे, पुढच्या वर्षी बुलढाण्यातच प्रवेश मिळवू’ असा विचार पुढे येतो. परंतु तो फसवा आहे. पूर्वी विदर्भातील महाविद्यालयांत ७० टक्के जागा विदर्भातील विद्यार्थ्यांसाठी व ३० टक्के जागा राज्यस्तरावर, अशी पद्धत होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ती रद्द केली. त्यामुळे मोताळ्याच्या विद्यार्थ्याला बुलढाण्याच्या जागेवर शेजारी म्हणून कोणताही अग्रक्रम नाही. घराजवळचे महाविद्यालय हवे असल्यास त्याचा मार्ग त्याच वर्षीच्या प्रवेशप्रक्रियेत आहे. मिळालेल्या जागी प्रवेश घ्यावा, स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरण्याची घाई करू नये आणि पुढच्या फेरीत वरचा पसंतीक्रम मिळण्याची वाट पाहावी. तो फॉर्म भरला की आहे ती जागा कायम होते व पुढील फेरीचा हक्क संपतो. हा तपशील अनेक पालकांना फार उशिरा कळतो.

दुसरा युक्तिवाद गुणांचा असतो. ‘आणखी चाळीस गुण मिळाले की झाले’ असे सहज म्हटले जाते. मात्र ‘नीट’चे गुण हे स्थिर माप नव्हे. ५ मे २०२४ च्या परीक्षेला सुमारे २३ लाख ३३ हजार विद्यार्थी बसले. पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे जाहीर झाले. सुधारित निकालानंतर ती संख्या १७ वर आली. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता मर्यादा सुधारित निकालानुसार १६२ गुण होती. लगेच पुढच्या वर्षी, ४ मे २०२५ च्या परीक्षेत देशातील सर्वोच्च गुण ६८६ ठरले आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता मर्यादा १४४ वर उतरली. म्हणजेच यंदाच्या निवडयादीतील शेवटचा आकडा समोर ठेवून पुढच्या वर्षीचे नियोजन करणे व्यर्थ होय. वाढवायचे असते ते गुणवत्ता क्रमांकातील स्थान, आणि ते आपल्या एकट्याच्या अभ्यासावर अवलंबून नसते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारखेची आहे. अखिल भारतीय कोट्याची प्रक्रिया पार पाडणाऱ्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या अलीकडच्या वर्षांतील नियमांनुसार पहिल्या फेरीतील जागा न स्वीकारल्यास दंड नाही. दुसऱ्या फेरीतील जागा न स्वीकारल्यास अनामत रक्कम जप्त होते. अखेरच्या ‘स्ट्रे व्हेकन्सी’ फेरीत मिळालेली जागा नाकारली, तर अनामत तर जातेच, शिवाय पुढील वर्षीच्या ‘नीट’ला बसण्यासही बंदी येते. म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्यासाठी जी जागा नाकारली, तिच्या पायी पुढचा प्रयत्नच हातचा जातो! राज्य कोट्यासाठी सीईटी सेलची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते. प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख, दंड आणि मूळ कागदपत्रे परत मिळण्याच्या अटी तीत दिलेल्या असतात. ती पुस्तिका ऐकीव माहितीवर न विसंबता स्वतः वाचावी.

काही जण मध्यम मार्ग सुचवतात: ‘आता प्रवेश घेऊ, नंतर बदली करून घेऊ.’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात स्थलांतर करण्यास मनाई केली. तेव्हा बदलीच्या भरवशावर कोणीही प्रवेश घेऊ नये. जी जागा स्वीकारायची, ती साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एका वर्षाची आंतरवासिता तेथेच पूर्ण करण्याच्या तयारीने स्वीकारावी.

मग जागा सोडणे कधी योग्य ठरते? शासकीय एमबीबीएसची जागा केवळ दूर आहे वा महाविद्यालय नवे आहे म्हणून सोडणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. परंतु वर्षाला अनेक लाखांचे शुल्क मागणारी जागा शेत गहाण टाकूनच घ्यावी लागणार असेल, तर ती वेळेत नाकारणे हा पराभव नव्हे. त्याचप्रमाणे ज्या अभ्यासक्रमाची मनापासून ओढ नाही, त्याची दंतवैद्यकाची वा आयुर्वेदाची जागा केवळ ‘हातात काहीतरी असावे’ म्हणून अडवून ठेवणे विद्यार्थ्यालाही हिताचे नाही. मात्र हा नकार सुरुवातीच्या फेरीतच द्यावा, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशातील जागा अडवून ठेवण्याच्या प्रकारांवर कठोर भाष्य केले आणि शुल्काची आगाऊ माहिती जाहीर करण्यासह अनेक निर्देश दिले. तो निकाल पदव्युत्तर प्रवेशापुरता असला, तरी त्यातील न्याय्यतेचा विचार सर्वांनाच लागू पडतो. उशिरा सोडलेली जागा अनेकदा रिकामीच राहते आणि तिच्यासाठी पात्र असलेला एखादा गरीब विद्यार्थी घरी बसतो.

आपल्या कुटुंबांपुढे आणखी एक पर्याय असतो. बंगळूरूचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या पुढाकाराने सुरू झाले. परंतु तेथेही ‘नीट’ वगळून प्रवेश नाही. अल्पसंख्याक संस्थांनाही ही परीक्षा लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० रोजी दिला. त्यामुळे त्या पर्यायाच्या आशेवर हातची जागा सोडण्यापूर्वीही हाच हिशोब करावा लागेल.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा घरातील मुलाला जितक्या सहज मिळते, तितकी मुलीला मिळते का? कमाल वयोमर्यादा २०२२ साली हटवण्यात आली. कायद्याने दोघांनाही वाट मोकळी आहे. अडसर असतो तो घरातच. मुलगा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसतो आणि मुलीला ‘मिळाले ते घे’ असे सांगितले जाते, तेव्हा निर्णय गुणांवर होत नाही. मुलीलाही तिचा विचार पूर्णपणे मांडू द्यावा.

ह्या दिवसांत धर्मग्रामातील शिक्षक, डॉक्टर व परिचारिका ह्यांनी एक सायंकाळ अशा कुटुंबांसाठी राखून ठेवली, तर ती मोठी सेवा ठरेल. मुलांना उपदेशाची गरज नसते. माहितीपुस्तिका उघडून, तारखा लिहून काढून, खर्चाचा आकडा मांडून त्यांच्याबरोबर बसणारा कोणी हवा असतो. त्यानंतर मुलाने वा मुलीने जो निर्णय घेतला, त्याच्या पाठीशी घराने उभे राहावे. आणि पुन्हा प्रयत्न करूनही यश आले नाही, तर त्या एका वर्षाचा उल्लेख आयुष्यभर टोमण्यासारखा करू नये.