विकतचा किल्ला

दिवाळी दोन आठवड्यांवर आली की पुण्या-मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला तयार किल्ले विक्रीसाठी मांडले जातात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे, रंगवलेले, बुरूज आणि दरवाजे जागच्या जागी असलेले. पिशवीत घालून घरी आणावा, गॅलरीत ठेवावा, वर शिवछत्रपतींची मूर्ती बसवावी, चार मावळे उभे करावेत. दहा मिनिटांत काम संपते. दिवाळी सरली की तो माळ्यावर जातो आणि पुढील वर्षी पुन्हा खाली येतो. वरकरणी यात वावगे काही नाही. परंतु या सोयीने मुलांच्या हातून नेमके काय काढून घेतले, याचा विचार कोणी करतो काय?

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. साल्हेर, शिवनेरी, राजगड, रायगडापासून तामिळनाडूतील जिंजीपर्यंतचे हे दुर्ग आता जगाच्या नकाशावर मानाने झळकत आहेत. महाराष्ट्राला झालेला आनंद रास्तच होता. परंतु त्याआधी कित्येक पिढ्या हा वारसा मराठी मुलांनी आपल्या अंगणात दर दिवाळीला नव्याने उभा केला होता, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही यादीची गरज भासली नव्हती.

आज पन्नाशीत असलेल्या पिढीला ते दिवस आठवतील. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलेली मुले दप्तर फेकून थेट मातीच्या शोधात निघत. कोणाच्या बांधकामावरून विटांचे तुकडे, वाण्याकडून जुने गोणपाट, ओढ्याकाठची चिकणमाती. दगडांच्या राशीवर गोणपाट अंथरायचे, त्यावर चिखल थापायचा, उतारावर अळीव पेरायचे आणि रोज सकाळी उठून ते उगवले का, हे पाहायचे. तळ्यासाठी परात, पायऱ्यांसाठी खपल्या, आणि कारंजासाठी दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची नळी. पहिल्या दिवशी बुरूज ढासळे. का ढासळला, यावर वाद होई. मग कोणी मोठा दादा सांगे की पाया रुंद घ्या, माती कमी पाण्यात मळा. दरवाजा समोरून दिसता कामा नये, हे सांगताना रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना कोणीतरी काडीने जमिनीवर काढून दाखवी. इतिहास, भूगोल आणि स्थापत्य यांचे इतके सहज शिक्षण कोणत्या पाठ्यपुस्तकाने दिले असेल?

त्या काळातील बहुतेक खेळण्यांचे असेच होते. ती दुकानातून पूर्ण होऊन येत नसत. विटी-दांडू बाभळीची फांदी तासून घडे. पतंग घरी चिकटवला जाई. सागरगोटे तर काटेरी वेलीवरच लागत. भोवरा विकत आणला, तरी जाळी गुंडाळण्याची रीत शेजारच्या मुलाकडूनच शिकावी लागे, आणि ती फुकट मिळत नसे. त्याच्या मागे आठ दिवस हिंडावे लागे. खेळणे मिळवणे म्हणजे माणसे मिळवणे होते.

या खेळांमधून किती जुना ठेवा वाहत आला, याची मुलांना कल्पनाही नसे. विटी-दांडूत ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ अशी मोजणी होते. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. देशावरची मराठी पोरे दांडूवर विटी झेलत शेजारच्या भाषेतील अंक उच्चारत होती आणि ती भाषा आपली नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. भारताची एकात्मता भाषणांतून शिकवण्याची वेळ येण्यापूर्वी ती अशी खेळात मुरलेली होती.

आणि दुकान? कोपऱ्यावरच्या त्या दुकानात काचेच्या बरण्यांतून लिमलेटच्या गोळ्या, बोरकूट, आवळासुपारी असे. दहा पैशांत काय काय येते, याचा हिशेब मूल स्वतः करी. दुकानदार वडिलांना ओळखत असे. म्हणूनच तो उधारही देई आणि प्रसंगी रागेही भरे. सायकलवाल्याकडून तासावर भाड्याने घेतलेली छोटी सायकल वेळेत परत करण्याची शिस्त घड्याळ नसलेल्या मुलांनाही होती. ते दुकान हा मुलाचा समाजाशी झालेला पहिला व्यवहार होता. त्या बरण्यांतील रावळगावच्या गोळ्या नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात बनत. २०२४ मध्ये तो ब्रँड एका बड्या उद्योगसमूहाने विकत घेतला. गोळी कदाचित पुन्हा बाजारात सर्वत्र दिसेल. नाव घेऊन हाक मारणारा दुकानदार मात्र कोणत्याही खरेदीखताने परत मिळणार नाही.

गेल्या काही वर्षांत देशी खेळण्यांकडे शासनाचे लक्ष गेले, ही समाधानाची बाब आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन सक्तीचे झाले. निकृष्ट परदेशी मालाला आळा बसला, देशी कारखान्यांना काम मिळाले. हे आवश्यकच होते. परंतु चिनी प्लॅस्टिकच्या जागी भारतीय प्लॅस्टिक आले, एवढ्याने स्वदेशी पूर्ण होते काय? बटण दाबल्यावर चालणारे खेळणे कोठेही बनलेले असो, मुलाच्या वाट्याला बटण दाबणेच येते. ‘स्व’ची जाणीव वस्तूवरील शिक्क्यातून येत नाही. ती हाताला लागलेल्या मातीतून येते.

अर्थात, जुने ते सारे सोने होते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या काळी अनेक घरांतील मुली दहा-बारा वर्षांच्या झाल्या की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन खेळ नुसता पाहत उभ्या राहत. शेतावर वा हॉटेलात राबणाऱ्या मुलाला किल्ल्याची सुट्टी नव्हती. तो काळ परत आणायचा नाही. दुकानातील झगमगीत वस्तूचा मोहही आजच्या मुलांनी शोधून काढलेला नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीची गाडी नको, शेजारच्या मुलासारखी सोन्याचीच हवी म्हणून रडतो. वसंतसेना आपले दागिने उतरवते आणि त्याच मातीच्या गाडीत भरते. आजचे मोठे लोक मात्र आधी मातीची गाडीच टाकून देतात.

कारण दोष मुलांचा नाही. मोकळ्या जागांवर वाहनतळ त्यांनी आखले नाहीत. ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी त्यांनी लावली नाही. फरशी खराब होते म्हणून माती घरात आणायची नाही, हा नियमही त्यांचा नव्हे. ज्यांचे स्वतःचे बालपण चिखलात गेले, त्याच पिढीने हे नियम केले आणि आता तीच पिढी मुलांना मोबाइल सोडवत नाही म्हणून हळहळत आहे.

उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक गृहसंस्थेने दिवाळीपूर्वी एक गाडीभर माती मागवावी आणि पंधरा दिवस आवारातील एक कोपरा मुलांना मोकळा करून द्यावा. किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी तयार किल्ले स्पर्धेत घेऊ नयेत. ढासळलेला पण स्वतः बांधलेला किल्ला त्यांच्याहून वरचा मानावा. शाळांनी सहामाही परीक्षेनंतर एक दिवस मुलांना जवळच्या गडावर न्यावे. आजोबांनी गोष्ट सांगण्याऐवजी एकदा बाह्या सरसावून चिखल मळायला बसावे. आठवणींचा उमाळा येऊन जातो. मळलेला चिखल मात्र नातवाच्या हाताला लागतो.

शिवरायांनी मिळालेल्या किल्ल्यांवरच समाधान मानले नाही. सिंधुदुर्गासारखे नवे किल्लेही बांधले. त्यांची मूर्ती विकतच्या किल्ल्यावर बसवताना एवढे तरी आपण लक्षात ठेवायला हवे.