विश्लेषण : ‘पद्मिनी’ आता ‘व्हिंटेज’; पण तिचे सुटे भाग मिळणार कुठून?

मुंबईत नोंदणी झालेल्या शेवटच्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळी-पिवळी ‘फियाट’ शहराच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. त्याच सुमारास सत्तरच्या दशकात नोंदल्या गेलेल्या खासगी पद्मिनी एकेक करून ५० वर्षांच्या होऊ लागल्या. म्हणजे केंद्राच्या नियमांनुसार त्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या उंबरठ्यावर आल्या. गाडीला वारशाचा दर्जा मिळण्याची वेळ आणि तिच्या सुट्या भागांचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे होण्याची वेळ एकच ठरली आहे. जुन्या गाड्यांसाठी नव्याने घडवलेल्या, म्हणजेच ‘रिप्रॉडक्शन’ भागांचा बाजार कसा चालतो, त्यात दर्जाचा प्रश्न का येतो आणि मालकांनी काय पाहावे, याचा हा आढावा.

टॅक्सी बंद होण्याचा सुट्या भागांशी काय संबंध?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या गाड्या बनत. १९६४ मध्ये आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’, नंतरची ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ च्या सुमारास नाव बदलून आलेली ‘पद्मिनी’ ही सारी एकाच घराण्यातील भावंडे. सुमारे साडेतीन दशके सांगाडा आणि १०८९ सीसीचे इंजिन मूळ रचनेत फारसे बदलले नाही. त्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बऱ्याच अंशी चालतो.

गाडीचे उत्पादन २००० च्या आसपास थांबले, तरी भाग मिळत राहिले, ते मुख्यतः टॅक्सीमुळे. दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीला ब्रेकचे रबर, क्लच प्लेट, कार्ब्युरेटरचे किट, सस्पेन्शनचे बुश सतत लागतात. हजारो टॅक्सी असताना लहान कारखानदाराला साचा सांभाळून माल काढत राहणे परवडते. हौशी मालकाची गाडी मात्र वर्षाकाठी काही शे किलोमीटरच फिरते आणि तिला तोच बुश दहा वर्षे पुरतो. मागणी एवढी घटली की उत्पादकाच्या दृष्टीने साचा ठेवण्याची जागाही महाग वाटू लागते. ‘अ‍ॅम्बेसेडर’चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तिच्याही वाट्याला हेच येणार आहे. २०१७ मध्ये ‘अ‍ॅम्बेसेडर’ हे नाव ८० कोटी रुपयांना प्यूजो कंपनीला विकले गेले. नावाला गिऱ्हाईक मिळाले, पण बंद पडलेल्या मॉडेलचे भाग कायम बनवत राहण्याचे बंधन कोणावरच नाही.

बाजारात कोणकोणते भाग मिळतात?

ढोबळमानाने चार प्रकार. पहिला, कंपनीने त्या काळी बनवलेला पण न वापरता पडून राहिलेला जुना साठा. दुसरा, भंगारातल्या गाडीचा काढलेला भाग. मुंबईतील चोर बाजार आणि कुर्ला, पुण्यातील जुना बाजार, दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट ही यासाठीची प्रसिद्ध ठिकाणे. तिसरा, नव्याने घडवलेला रिप्रॉडक्शन भाग. चौथा, दुसऱ्याच गाडीचा भाग थोडा कापून, घासून किंवा लेथवर उतरवून बसवलेला, म्हणजे आपल्याकडील ‘जुगाड’.

बाजारातील भाषा मात्र हा फरक पुसून टाकते. ‘ओरिजिनल’ म्हणून जे विकले जाते, ते अनेकदा जुन्या कंपनीच्या नावाच्या खोक्यात भरलेले नवे उत्पादन असते. पुन्हा ‘जुना साठा’ म्हणजे हमखास चांगला, असेही नाही. धातूचा गिअर चाळीस वर्षे ग्रीसमध्ये राहिला तर जसाच्या तसा निघतो. रबराचे सील मात्र न वापरताही कडक होते आणि त्याला भेगा पडतात. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. ते घासताना किंवा हवा मारून साफ करताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे.

नव्याने घडवलेला भाग फसतो कुठे?

बहुतेक वेळा मूळ आराखडा हाताशी नसतो. नमुना म्हणून जुना भाग दिला जातो आणि त्यावरून नवा घडवला जातो. इथेच पहिली चूक होते. लाख किलोमीटर चाललेल्या भागाची झीजही नव्या भागात उतरते. थ्रीडी स्कॅनर कितीही अचूक असला तरी तो समोर आहे तेच मोजतो. भाग नवा असताना केवढा होता, हे त्याला कळत नाही. म्हणून चांगला कारागीर एकाऐवजी तीन-चार नमुने मागतो, कमी झिजलेल्या जागा मोजतो आणि भाग ज्यात बसतो ती जागाही तपासतो.

दुसरी चूक ओतकामातली. मूळ भागच साचा म्हणून वाळूत दाबून नवा ओतला, तर तो लहान निघतो, कारण थंड होताना धातू आकसतो. ओतीव लोखंड साधारण एक टक्का आकसते, अ‍ॅल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. १०० मिलिमीटरच्या भागात हा फरक एक मिलिमीटरच्या आसपास जातो. दरवाजाच्या मुठीला तो चालून जाईल, वॉटर पंपाच्या बॉडीला नाही.

तिसरी बाब धातू-रबराच्या जातीची. पत्रा मूळपेक्षा पातळ असतो. बंपरवर तांबे आणि निकेलचे पुरेसे थर न देता वरवर क्रोम चढवलेला असतो आणि दोन पावसाळ्यांत तो फुगून सुटतो. कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर यांच्या निकृष्ट नकलांचा त्रास तर जगभरातील जुन्या गाड्यांच्या मालकांना होतो. या तिन्ही दोषांचे वैशिष्ट्य असे, की नवा भाग हातात घेतल्यावर ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कोणत्या भागांत तडजोड नको?

एक सोपा निकष आहे. भाग निकामी झाला तर गाडी कुरूप दिसेल, बंद पडेल की थांबणारच नाही? चिन्हे, जाळी, आतील पट्ट्या, हबकॅप हे पहिल्या गटातले. तिथे खर्च कमी-जास्त करायला हरकत नाही. फ्युएल पंप, डिस्ट्रिब्युटर, क्लच प्लेट दुसऱ्या गटातले. तिसऱ्या गटात मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे सांधे, चाकांचे बेअरिंग, टायर आणि समोरची काच येते.

पद्मिनी आणि बहुतेक अ‍ॅम्बेसेडरना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या रचनेत ब्रेकचे सर्किटही एकच असते. त्यामुळे एका व्हील सिलिंडरचे रबर फाटले तरी सगळाच ब्रेक जाऊ शकतो. प्रत्यक्षात मात्र पुनर्बांधणीचा बहुतांश खर्च रंग, क्रोम आणि गादीकामावर होतो आणि शेवटी ब्रेकचे किट मिळेल ते बसवले जाते. प्राधान्यक्रम नेमका उलटा हवा.

हुबेहूब नक्कल नेहमीच चांगली का नसते?

पेट्रोलमुळे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. जुन्या गाड्यांचे इंधन पाइप, पंपाचा पडदा आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. इथेनॉलमुळे काही जुनी रबरे फुगतात किंवा मऊ पडतात. आणखी जुन्या गाड्यांत टाकीतील तरंगता बुचाचा असतो आणि त्यावर लाखेचा थर असतो. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीला त्यामुळे आतून गंज चढतो.

अशा ठिकाणी मूळ पदार्थाचीच नक्कल करणे म्हणजे बिघाडाची नक्कल करणे. भागाचा आकार जुना ठेवून पदार्थ नवा घ्यायला हवा, उदाहरणार्थ इंधनाच्या पाइपसाठी फ्लुरोइलास्टोमर जातीचे रबर, ज्याला बाजारात ‘व्हायटन’ म्हणतात. ब्रेकमध्ये उलटी काळजी घ्यावी लागते. ब्रेकच्या सीलचे रबर आणि ब्रेक ऑइल एकमेकांना चालणारे हवे. चुकून खनिज तेल पडले तर ही सील फुगतात. म्हणून भाग घेताना ‘कोणत्या गाडीचा’ एवढेच नव्हे, तर ‘कशाचा बनवला आहे’ हेही विचारले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यास पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि फेरनोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

सुट्या भागांच्या दृष्टीने महत्त्वाची अट वेगळीच आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, असे नियम सांगतो. गंजलेला पत्रा कापून तशाच आकाराचा नवा जोडणे आणि मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवणे यांत अर्थातच जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिझेल इंजिन बसवलेल्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर आपल्याकडे कमी नाहीत. मात्र भाग कोणी, कशापासून आणि कोणत्या दर्जाचा बनवला असावा, यावर हा नियम काही बोलत नाही. टायर आणि सुरक्षा काच यांना बीआयएसची मानके आहेत. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा स्टिअरिंगचा सांधा मात्र कारागिराच्या शब्दावरच बसतो.

परदेशात हा प्रश्न कसा सोडवला गेला?

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. ‘एमजीबी’ या स्पोर्ट्‌स गाडीचे उत्पादन १९८० मध्ये थांबले. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने कारखान्यातील मूळ साचे शोधून काढले आणि १९८८ पासून त्यांच्यावर पूर्ण बॉडी शेल पुन्हा बनवायला सुरुवात केली. म्हणजे जपायची वस्तू होती साचा. तो मिळाला, म्हणून भाग मिळाले. काही कंपन्यांनी स्वतःच पुढाकार घेतला. पोर्शने ‘९५९’ या अवघ्या २९२ बनलेल्या गाडीच्या क्लचचा एक भाग थ्रीडी छपाईने तयार करून २०१८ मध्ये सादर केला. टोयोटाने ‘२००० जीटी’ आणि ‘सुप्रा’च्या काही भागांचे उत्पादन पुन्हा सुरू केले. या सर्वांत समान धागा आहे तो जबाबदारीचा. भागावर कोणाचे तरी नाव आहे आणि तो फसला तर उत्तर देणारे कोणी आहे.

भाग घेताना काय तपासावे?

जुना भाग नवा बसेपर्यंत टाकून देऊ नये. मोजायला तोच शेवटचा पुरावा असतो. नवा भाग व्हर्नियरने जुन्याशी ताडून पाहावा आणि दोन्हींचे वजन करावे. पातळ पत्रा किंवा पोकळ ओतकाम तराजूवर लगेच उघडे पडते. दरवाजा, बॉनेट, मडगार्ड रंगवण्याआधी गाडीवर बसवून फटी तपासाव्यात, कारण रंग चढवलेला भाग दुकानदार परत घेत नाही. इंजिनचे पिस्टन घेण्याआधी सिलिंडर मोजून घ्यावा आणि मगच ‘ओव्हरसाइझ’ ठरवावी. रबराच्या खोक्यावर उत्पादनाचे वर्ष नसेल तर ते जुने समजूनच चालावे. ब्रेक-स्टिअरिंगचे भाग बिलाशिवाय घेऊ नयेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. बिल टाळून वाचणारी रक्कम त्यामुळे आणखी कमी झाली आहे.

पुढे काय?

एकट्या मालकाला साचा बनवणे परवडत नाही, पण पन्नास मालकांना परवडते. क्लबांनी मिळून एकेका भागाची मागणी गोळा केली, मोजमापे आणि रबराची जात लिहून ठेवली आणि साचा सामायिक मालकीचा ठेवला, तर पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या फाउंड्री आणि लघुउद्योगांना हे काम अवघड नाही. महत्त्वाच्या भागांची तुकडी पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा खर्चही मग वाटला जाईल. शेवटच्या टॅक्सींची देखभाल करणारे फिटर आणि त्यांना माल पुरवणारे कारखानदार अजून कामात आहेत. कोणता बुश किती घट्ट असावा, हे त्यांना हाताला ठाऊक आहे, कागदावर कुठेच नाही. ही माहिती ते निवृत्त होण्याआधी लिहून घेणे हे पुढच्या काही वर्षांतले खरे काम आहे.